पॉइंटताईंचे सेकंद

पिकअप गाडी जागची हलल्यापासून ताशी शंभरचा वेग गाठेपर्यंत किती सेकंद लागतात, हे मोजण्यात माझी एकतीस वर्षं गेली. कुणाला सांगितलं तर लोक हसतात. माझा सख्खा मेव्हणासुद्धा म्हणायचा, "म्हणजे तुम्ही दिवसभर गाडी पळवता आणि थांबवता? आणि पगार मिळतो?" मिळायचा. आणि मी एकटा नव्हतो. शेजारच्या सीटवर स्टॉपवॉच घेऊन एक माणूस बसलेला असायचा. त्या एकतीसपैकी अठ्ठावीस वर्षं तो माणूस म्हणजे पॉइंटताई.

आमचं मैदान कारखान्याच्या मागे होतं. एक लांबलचक सिमेंटची पट्टी, एका टोकाला गेट, दुसऱ्या टोकाला पाण्याची उंच टाकी. मध्ये पत्र्याची शेड, शेडमध्ये एक टेबल, एक हवेचा पंप आणि पोती तोलायचा काटा. गाडीच्या मागे आम्ही एक सायकलचं चाक जोडायचो. त्याला पाचवं चाक म्हणत. त्याची तार पुढे येऊन डॅशबोर्डवरच्या वेगळ्या काट्याला जोडलेली असे, कारण गाडीच्या स्वतःच्या काट्यावर कुणाचाच विश्वास नव्हता. तो शंभर दाखवायचा तेव्हा पाचवं चाक पंचाण्णव म्हणायचं. मी खाली पाय दाबायचा, शेजारच्याने अंगठा दाबायचा, आणि पाचव्या चाकाचा काटा शंभरवर गेला की पुन्हा अंगठा. एवढंच काम.

आधी हे घड्याळ एक म्हातारे फोरमन सांभाळायचे. त्यांचे गुडघे गेले आणि गाडीत चढणं-उतरणं होईना, म्हणून साहेबांनी ऑफिसातून टायपिस्ट बाईंना बोलावलं. "दोन दिवसांचा प्रश्न आहे, बाई. नुसतं बटण दाबायचं."

बाई सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या असतील. बारीक अंगाच्या, चष्मा लावणाऱ्या. नवरा गवंडीकाम करायचा. तीन वर्षं त्या आमचे आकडे टाइप करत होत्या, पण गाडीत कधी बसल्या नव्हत्या. मैदानावर आल्या आल्या त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, तो मी विसरणार नाही.

"दादा, सकाळी गाडी वेगळी असते का?"

"गाडी तीच असते की, ताई."

"मग सकाळच्या कागदांवर सेकंद नेहमी कमी का असतात? तीन वर्षं बघतेय मी."

मी साहेबांकडे बघितलं, साहेबांनी माझ्याकडे. फोरमन आणि मी मिळून इतकी वर्षं मोजत होतो. आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं.

पहिल्या फेरीला मी पाय दाबला तशी बाईंची मान मागे गेली, चष्मा नाकावरून घसरला, आणि शंभर होऊन गाडी थांबली तरी घड्याळ चालूच होतं. त्यांनी एका हाताने दार घट्ट धरलं होतं. "पोटात गोळा आला हो," त्या म्हणाल्या. मग चष्मा पुसला. "पुन्हा घ्या."

दुसऱ्या फेरीनंतर साहेबांनी खिडकीतून विचारलं, "चौदा ना?"

"चौदा पॉइंट सहा."

"म्हणजे चौदाच की."

"नाही साहेब. चौदा पॉइंट सहा."

त्या दिवसापासून त्या पॉइंटताई झाल्या. आणि दोन दिवसांसाठी आलेल्या बाई परत टायपिंगला गेल्याच नाहीत. साहेबांनी कुठलीही ऑर्डर काढली नाही. फक्त तिसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन सरळ मैदानावर आल्या आणि घड्याळ घेऊन गाडीत बसल्या.

सकाळचं कोडं त्यांनी महिन्याभरात सोडवलं. शेडच्या भिंतीला थर्मामीटर लावला, काठीला कापडाची पट्टी बांधून मैदानाच्या कडेला रोवली. थंड हवा घट्ट असते, इंजिनाला तीच मानवते. दुपारच्या तापलेल्या हवेत त्याला धाप लागते. सकाळी चौदा पॉइंट एक देणारी गाडी दुपारी चौदा पॉइंट आठवर यायची. पण अगदी गार इंजिनही चालत नसे, तेल दाट असतं. म्हणून आधी दोन फेऱ्या नुसत्या, न मोजता. मग त्यांनी एक तक्ता आखला. हवा किती गरम, वारा कुठून, टायरमध्ये हवा किती, टाकीत डिझेल किती, हौद्यात वजन किती. भरली टाकी म्हणजे अख्खा एक माणूस जास्तीचा, हे त्यांनीच मला समजावलं. एक टन वाळूची पोती टाकली की चौदाचे तेवीस व्हायचे आणि तिसऱ्या गिअरमध्ये गाडी म्हशीसारखी रेंगाळायची. गंमत म्हणजे जमीन ओली असली की हौदा रिकामा ठेवण्यापेक्षा दोन पोती टाकलेली बरी, नाहीतर मागची चाकं जागच्या जागी फिरत बसत.

एके दिवशी त्यांनी मला पोत्यांच्या काट्यावर उभं केलं.

"ब्याऐंशी," त्या म्हणाल्या.

"जेवण झालंय माझं आत्ताच."

"मग जेवणासकट ब्याऐंशी." आणि स्वतः चढल्या. "चोपन्न. दोघांचे मिळून एकशे छत्तीस." तक्त्यात दोन नवे रकाने आले: चालकाचं वजन, वेळ घेणाऱ्याचं वजन.

शेवटचा रकाना होता "शेरा". एकदा मी घरून भावाशी कडाक्याचं भांडून आलो होतो. वाटणीचा काहीतरी विषय होता. त्या दिवशी गिअर असे काही आपटले की क्लचचा वास सुटला आणि वेळ पॉइंट तीनने कमी आली. संध्याकाळी कागद बघतो तर शेऱ्यात लिहिलेलं: "चालक चिडलेला." मी म्हटलं, "ताई, हे साहेब वाचतात." त्या म्हणाल्या, "वाचू दे. खरं आहे ना?" मला हसू आलं आणि त्या रात्री मी भावाला फोन केला.

पण त्यांचं खरं नाव झालं ते उतारामुळे. कापडाची पट्टी अगदी निपचित लोंबत असतानाही टाकीकडे जाताना वेळ कमी यायची आणि गेटकडे येताना पॉइंट चारने जास्त. नेहमी. साहेब म्हणायचे, "हे मैदान मी स्वतः उभं राहून करून घेतलंय. ताटासारखं सपाट आहे." ताई वाद घालत बसल्या नाहीत. एका रविवारी सकाळी नवऱ्याला घेऊन आल्या. गवंडीबुवा अबोल माणूस. खांद्यावर गवंड्यांची ती पातळी बघायची पारदर्शक नळी, पाणी भरलेली. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या, आणि ताई पट्टीने माप घेऊन लिहितायत. वीस-वीस मीटरचे टप्पे करत आम्ही दुपारी बारापर्यंत पुढे सरकलो. गाडी जेवढ्या अंतरात शंभर गाठते, तेवढ्यात जमीन टाकीकडे चांगली हातभर खाली गेलेली निघाली. डोळ्याला काही म्हणता काही दिसत नव्हतं.

सोमवारी साहेबांनी तो कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला. "तुमचे मिस्टर नळी बरोबर धरतात ना?" एवढंच विचारलं.

"साहेब, ते बांधतात त्या घरांत लोक राहतात," ताई म्हणाल्या.

तेव्हापासून नियम झाला. एक फेरी टाकीकडे, एक गेटकडे, आणि दोन्हींची सरासरी. त्याशिवाय आकडा लिहायचा नाही.

दोनेक वर्षांनी एकदा मी जुने कागद चाळत होतो. वेळ घेणाऱ्याचं वजन: चोपन्न. पुढच्या पानावर पंचावन्न. मग सत्तावन्न. मग साठाला थोडं कमी. मी दोन मुलींचा बाप. मला उलगडायला वेळ लागला नाही. त्या दिवशी मी गाडी सुरू केली ती हळूच, जणू काचेची भांडी भरलीयत.

"पंधरा पॉइंट नऊ," ताई म्हणाल्या. "दादा, पाय पूर्ण दाबला नाहीत."

"नाही दाबला. दाबणारही नाही."

"का?"

मी कागदावरच्या रकान्यावर बोट ठेवलं. त्यांनी बघितलं आणि कानापर्यंत लाल झाल्या.

"सांगितलं असतं तर परत टाइपरायटरवर बसवलं असतं मला," त्या म्हणाल्या.

"म्हणून खोटं वजन लिहायचं नाही का सुचलं?"

"खोटं कसं लिहू?" त्यांनी इतक्या नवलाने विचारलं की मीच ओशाळलो.

साहेबांना मीच सांगितलं. ते चांगले होते. म्हणाले, शेडमध्ये बसून तक्ते करा, जागा तुमचीच राहील. घड्याळ धरायला मुख्य ऑफिसातून एक नवे इंजिनियर आले. पुढे ताई रजेवर गेल्या, मुलगा झाला.

आणि त्याच काळात ते घडलं. नवं मॉडेल बाजारात यायचं होतं. वरच्या साहेबांना माहितीपत्रकात बाराचा आकडा हवा होता. बारा पॉइंट काहीही, पण बारा. आमच्या हातात चौदा येत होते. मग एका कडक थंडीच्या सकाळी, कापडाची पट्टी टाकीच्या दिशेने ताठ उभी असताना, फेरी घ्यायची ठरली. स्टेपनी काढली. हौद्याचा मागचा फाळका काढला. टाकीत डिझेल तळाला. टायर हवेने दगडासारखे केले. आणि फक्त टाकीकडे. बारा पॉइंट नऊ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती गाडी मीच चालवली होती. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. पाठीवर थाप पडली ती बरीही वाटली, हे मी लपवत नाही.

ताई चार महिन्यांनी कामावर आल्या, तेव्हा ते रंगीत माहितीपत्रक शेडच्या भिंतीवर चिकटवलेलं होतं. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं.

"दादा, परतीची फेरी किती आली?"

"घेतली नाही."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दिवसभर माझ्याशी कामापुरतं बोलल्या, आणि दुपारचा चहा स्वतःचा स्वतः ओतून घेतला. आमच्या थर्मासमधला चहा रोज त्याच ओतायच्या, दोघांचा. माझा कप तसाच टेबलावर उपडा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या फेरीचा कागद शोधून काढला आणि त्यांचा चेहरा उतरला. आमच्या कागदांचा नमुना छापील होता. खाली "वेळ नोंदवणार" असं लिहून त्यांचंच नाव कायमचं छापलेलं. नव्या इंजिनियरने ते खोडलं नव्हतं. म्हणजे बाई घरी तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि इकडे त्यांच्या नावाने बारा पॉइंट नऊ छापून गावभर गेले होते.

तो कागद घेऊन त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मी दारातच होतो.

"बाई, ही जाहिरात आहे," साहेब म्हणाले. "परीक्षेचा पेपर नव्हे. सगळेच असं करतात."

"सगळ्यांच्या कागदावर माझं नाव नसतं, साहेब."

साहेबांनी कागद हातात घेतला, खालची ओळ वाचली. त्यांना खरंच माहीत नव्हतं. "अरे देवा," ते हळूच म्हणाले.

"मला चार दिवस द्या. जो आकडा येईल तो मी लिहीन. तो छापायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण नावाखाली माझाच आकडा राहील."

"आणि गाडी कोण चालवणार? वरून विचारलं तर?"

"मी चालवतो," मी म्हटलं. "आणि ती बाराची फेरीही मीच चालवली, हेही लिहा."

ताईंनी मागे वळून बघितलं. दुपारी चहा ओतताना त्यांनी माझा कप सुलटा केला.

चार दिवस आम्ही फेऱ्या घेतल्या. भरली टाकी, फाळका जागेवर, स्टेपनी जागेवर, टायरमध्ये नेमकी हवा, सकाळी आणि दुपारी, टाकीकडे आणि गेटकडे. अठ्ठेचाळीस फेऱ्या. माझा गुडघा क्लच दाबून सुजला. सरासरी चौदा पॉइंट दोन. साहेब तो कागद घेऊन वर गेले. काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. खाली आले तेव्हा त्यांचा रुमाल हातात चुरगळलेला होता. माहितीपत्रकाच्या पुढच्या छपाईत चौदा पॉइंट दोन आलं. खाली बारीक अक्षरात: दोन माणसं, भरलेली टाकी, दोन्ही दिशांची सरासरी. त्यामुळे गाड्या कमी खपल्या की जास्त, ते कुणालाच कळलं नाही. साहेबांची त्या वर्षीची बढती मात्र हुकली. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. ताईंनीही कधी त्यांच्यासमोर मान ताठ करून मिरवलं नाही. उलट साहेब निवृत्त झाले त्या दिवशी सगळ्यांत जास्त रडल्या त्या.

नंतरची वर्षं आता आठवताना एकमेकांत मिसळून जातात. ताईंचा मुलगा शाळेत जायला लागला, माझ्या मुलींची लग्नं झाली, आणि त्या सगळ्या बातम्या आम्ही एकमेकांना गाडी गार होईपर्यंतच्या दहा-दहा मिनिटांत सांगितल्या. तापलेल्या सिमेंटचा वास, उघड्या खिडकीतून येणारी डिझेलची झुळूक, चहाचा थर्मास दोन सीटांच्या मध्ये अडकवलेला. त्या पट्टीवर आम्ही मिळून किती अंतर गेलो असू, देव जाणे. पण कुठेच पोहोचलो नाही, पुन्हा गेटपाशी.

मग काडेपेटीएवढं एक यंत्र आलं. आकाशातल्या उपग्रहांकडून वेग मोजायचं. डॅशबोर्डवर चिकटवलं की झालं. पाचवं चाक नको, अंगठा नको. तरुण इंजिनियर मंडळींना वाटलं, बाई रुसतील. बाईंनी महिनाभर दोन्ही चालवलं, यंत्र आणि घड्याळ शेजारी शेजारी. दोघांत पॉइंट एकच्या वर फरक कधी पडला नाही. मग ताईंनी घड्याळाला किल्ली न देता ते कपाटात ठेवून दिलं. "यंत्र माझ्यापेक्षा बरं आहे," त्या म्हणाल्या, "त्याचं वजन धरावं लागत नाही." पुढे त्या शेडमध्ये पडद्यावर आकडे बघत बसायच्या आणि मी एकटा फेऱ्या मारायचो. शेजारची सीट रिकामी असली की गाडी थोडी चपळ होते, पॉइंट तीनने तरी. मला ते तीन नको होते.

मैदान बंद व्हायचं ठरलं, तेव्हा शेवटच्या आठवड्यात पट्टीवर आम्ही दोघं आणि एक जुनी पिकअप एवढेच उरलो होतो. मी गाडीतून उतरून किल्ली त्यांच्यापुढे धरली.

"बसा ताई. आज तुम्ही."

"मला कुठे येते गाडी?"

मी चक्रावलो. अठ्ठावीस वर्षं! गाडीच्या श्वासाश्वासाचा हिशेब ठेवणारी बाई, आणि कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

त्या दिवशी गाडी चार वेळा बंद पडली. पाचव्यांदा हिसके देत निघाली, तिसऱ्या गिअरपर्यंत गेली, आणि टाकीच्या बऱ्याच अलीकडे ताईंनी दोन्ही पाय ब्रेकवर ठेवून ती थांबवली. शंभर दूरच, साठसुद्धा झाले नव्हते. चष्मा नाकावरून घसरला होता आणि त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी पहिल्यांदाच त्यांना काही न लिहिता मैदानातून घरी जाताना बघितलं.

निवृत्तीनंतर त्यांनी हट्टाने लायसन्स काढलं. शिकवलं मीच. गाडी मागे घेताना पहिल्या परीक्षेत नापास झाल्या, दुसऱ्यांदा पास. गवंडीबुवांनी सामानासाठी एक जुनी छोटी पिकअप घेतली आहे. आता त्यांचे खांदे दुखतात, म्हणून सिमेंटची पोती आणायला-पोहोचवायला ताईच जातात.

परवा मी बाजारातून पिशव्या घेऊन पायी निघालो होतो. मागून हॉर्न वाजला. ताईच. "चढा दादा, सोडते." मी शेजारच्या सीटवर बसलो. त्या चाळीसच्या वर गेल्या नाहीत. मागून एकाने ओव्हरटेक करताना हात हलवून काहीतरी म्हटलं. ताईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. वाटेत त्यांनी मुलाच्या नव्या नोकरीबद्दल सांगितलं, माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख विचारली. माझ्या गल्लीच्या कोपऱ्यावर गाडी नीट कडेला लावली. मी पिशव्या घेऊन उतरलो.

"दार जरा जोरात लावा," त्या म्हणाल्या. "एकदम बसत नाही ते."

मी जोरात लावलं. त्यांनी आरसा बघितला, हात दाखवला आणि गेल्या.